काळ्या पाषाणातला शिंपला

बिदरचा किल्ला लाल आहे. जांभ्या दगडाच्या पठाराच्या अगदी कडेवर तो उभा आहे आणि खंदकही त्याच खडकात खोदलेला. काही बाजूंना तर एकापुढे एक तीन खंदक. ही लाली डोळ्यांत साठवून घ्या, कारण आपल्याला जायचंय काळ्या दगडाकडे.

गुलबर्ग्याहून बहमनींची राजधानी इथे आणली अहमदशहा वलीनं, पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात. इराणातल्या किरमानचे सूफी शाह नेमतुल्ला यांच्यावर त्याची मोठी श्रद्धा. त्या ओढीनं इराणी माणसं दख्खनमध्ये आली आणि त्यांचं कसबही आलं. तख्त महाल आज पडका आहे, तरी कमानीच्या खांद्याकडे कॅमेरा नेऊ या. रंगीत चकाकीच्या फरशांमध्ये एक वाघ, आणि त्याच्या पाठीवर उगवता सूर्य.

पुढे बहमनी राज्य फुटलं. बिदर आलं बरीदशाहीच्या वाट्याला, पाच शाह्यांतल्या एका लहानशा राज्याच्या. गुंबद दरवाज्याजवळचा रंगीन महाल आज आपण ज्या रूपात पाहतो, ते दिलं अली बरीदनं. त्याची कारकीर्द १५४२ ते १५८०. महाल छोटा आहे. पण इतकं जीव ओतून केलेलं काम दख्खनमध्ये फार थोड्या ठिकाणी दिसतं, असं मी मनापासून म्हणेन.

बाहेरच्या दालनात कोरीव लाकडी खांब. त्या खांबांच्या हातांवरचं, म्हणजे वरची तुळई पेलणाऱ्या आधारांवरचं, नक्षीकाम थेट आपल्या जुन्या वाड्यांची, देवळांची आठवण करून देतं. त्यामागे फरशांचं निळं-पिवळं काम, आणि मग आतलं दार.

इथे जरा थांबू या.

चौकटीचा दगड काळाभोर, घासून गुळगुळीत केलेला. त्यात वेली, पानं आणि फारसी काव्याच्या ओळी आहेत, सगळ्या शिंपल्याच्या! आधी कठीण पाषाणात नक्षीची खाच कोरायची. मग त्याच मापाचा शिंपल्याचा तुकडा कापून तिच्यात बसवायचा. शिंपला ठिसूळ, दगड हट्टी. अक्षराचं एक वळण चुकलं की गेलं. बिदरपासून समुद्र शेकडो किलोमीटर लांब, आणि त्याची ही चमक या अंधाऱ्या खोलीत! आता दिवा थोडा डावीकडे सरकवतो. बघा, मघाशी पांढरं दिसणारं पान हिरवट झालं, मग गुलाबी. रंग भरलेला नाही. उजेड वळला, एवढंच.

काळ्यावर उजळ रेघ ओढायची ही आवड बिदरच्या हातांत आजही आहे. गावात बिदरीचे कारागीर जस्त-तांब्याच्या भांड्यावर खाच कोरतात आणि तिच्यात चांदीची तार ठोकून बसवतात. मग नवसागर आणि याच किल्ल्यातली माती पाण्यात कालवून गरम करतात. भांडं त्यात बुडतं, वर येतं. जस्त काळंकुट्ट झालेलं असतं. चांदी तशीच पांढरी.