रात्री नऊचा फोन

नमस्कार, श्रोतेहो. बाप-लेकाचा अबोला तुम्हाला नवा नाही. अशा घरात आई म्हणजे टपालखातं. "बाबांना सांग, मी यंदा येत नाही." "त्याला म्हणावं, नको येऊस." दोन्हीकडचे निरोप ती पोचवते, वाटेत त्यातलं तिखट काढून टाकते. ती गेली की टपाल बंद.

आमच्या वाईच्या मामांचं सांगतो. मामा एसटीत ड्रायव्हर. आता एसटीला नावं ठेवायची फॅशन आहे, पण १ जून १९४८ ला पुणे-नगर पहिली गाडी सुटली, तेव्हापासून खेड्यातल्या किती पोरी तिच्यामुळे शिकल्या! असो. मामेभाऊ नाशिकला. भांडण जमिनीच्या एका तुकड्याचं, विकायचा की ठेवायचा. त्यापायी सात वर्षं बोलणं नाही.

मामी मात्र रोज रात्री नऊला लेकाशी बोलायची. ओट्यापाशी उभी, हात खरकट्यात, म्हणून फोन स्पीकरवर. मामा बाहेरच्या खोलीत बातम्या लावून बसलेले.

श्रावणात मामी गेली. लेक आला. दहाव्याला कृष्णेच्या घाटावर मला वाटलं, कावळा आता अडून बसणार, हे दोघं बोलल्याशिवाय शिवायचा नाही. कावळा लगेच शिवला. त्याला कुठला एवढा वेळ? तेरा दिवस दोघं माझ्यामार्फतच बोलले. "त्याला विचार, तूप आणलंय का." तो दोन हातांच्या अंतरावर उभा!

तेराव्यानंतर तो नाशिकला गेला. दुसऱ्या दिवशी रात्री मी मामांकडेच होतो. नऊ वाजले आणि फ्रिजवर ठेवलेला मामीचा फोन वाजला. सवयीनं बोट त्या नंबरावर गेलं, असं भाऊ नंतर म्हणाला. मामांनी उचलला. इकडून शब्द नाही, तिकडून नाही. मग मामा खाकरले.

"गिझर झाला का दुरुस्त?"

"...तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तूच. स्पीकरवर असायचास."

मामा ऐकायचे, श्रोतेहो. रोज ऐकायचे. बातम्यांचा आवाज नवाला कमी व्हायचा, हे आम्ही कुणी कधी ताडलंच नाही. गाडीवरून पडून त्याचा गुडघा फुटला, ते माहीत. नोकरी बदलली, ते माहीत. गिझर लावला की एमसीबी पडून वीज जाते, तेही माहीत. "एलिमेंट गेलं असेल, बदलून घे," म्हणाले आणि फोन ठेवला. पहिल्या दिवशी एवढंच.

मामीचा नंबर मामांनी चालू ठेवलाय. रिचार्ज अठ्ठावीस दिवसांचं. महिना अठ्ठावीस दिवसांचा कुणी केला, हे मला एकदा विचारायचंय. वर्षाला तेरा रिचार्ज होतात, मोजून बघा. आमचं पंचांगसुद्धा अधिक महिना आणतं तो तीनेक वर्षांतून एकदा, हे फोनवाले दरवर्षी आणतात!

परवा वाईला गेलो होतो. नऊ वाजता मामांनी टीव्ही बंद केला, ओट्यापाशी गेले, फोन स्पीकरवर टाकला. घरात आम्ही दोघंच. मी म्हटलं, "मामा, कानाला लावा की, मी बाहेर बसतो."

"अरे, हात खरकटे आहेत," म्हणाले आणि कढई घासायला घेतली.