सोमल कुणाच्या बांधावर?

(नागपुरात एका विज्ञान मंडळापुढे झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

पत्रिकेत विषय छापलाय, 'जुन्या रासायनिक अस्त्रांचा नाश आणि पर्यावरणीय परिणामांचं मूल्यमापन'. एवढं लांबलचक नाव वाचूनही तुम्ही आलात, म्हणजे एकतर विषयाची गोडी आहे, नाहीतर खाली आलुबोंडे तळताहेत हे कळलेलं दिसतंय. माझी दोन्हीला हरकत नाही. हरकत आहे ती 'नाश' या शब्दाला. पण आधी आमच्या काकांचे डबे सांगतो, कारण हा विषय मी तिथे शिकलो.

आमच्या गावच्या घरी गोठ्याच्या माळ्यावर बीएचसी या कीटकनाशक पावडरचे दोन पत्र्याचे डबे होते. गमॅक्सिन म्हणायचे सगळे. १९९७ साली त्यावर बंदी आली, डबे मात्र माळ्यावरच राहिले. रासायनिक अस्त्रबंदीचा करारही १९९७च्या एप्रिलमध्येच लागू झाला. योगायोग आहे, पण मला आवडतो. तर डबे गंजले, बुडाला भोक पडलं आणि एका पावसाळ्यात पांढरा भुगा खाली गव्हाणीत सांडायला लागला. तो कुबट वास ज्याला माहीत आहे त्याला सांगायला नको. ज्याला नाही, त्याने सुखी राहावं.

मग ओसरीवर घरची सभा भरली. आजी म्हणाली, ''नाल्यात फेकून दे ना, पाणी नेते वाहून.'' काका म्हणाले, ''जाळून टाकतो.'' चुलतभाऊ म्हणाला, भंगारवाल्याला देऊ, त्याला काय समजते! मी तेव्हा एमएस्सी करत होतो, म्हणजे सगळ्यांत जास्त बोलत होतो आणि माझं कुणी ऐकत नव्हतं. शेवटी काकांनी रात्री खड्डा खणला आणि डबे पुरले. कुठे? आपल्या विहिरीपासून लांब म्हणून शेजाऱ्याच्या बांधाला. मी विचारलं, काका, तिथे कशाला? तर म्हणाले, ''मंग का आपल्या विहिरीजवळ पुरू?''

हसू नका. जगातल्या मोठमोठ्या सैन्यांनी नेमकं हेच केलंय.

आजीचा मार्ग आधी घेऊ. दुसऱ्या महायुद्धानंतर बाल्टिक समुद्रात सुमारे ४०,००० टन रासायनिक दारूगोळा बुडवला गेला, बराचसा बॉर्नहोम बेटाजवळ. हिशोब असा की मस्टर्ड, म्हणजे अंगावर फोड आणणारं युद्धातलं विष, पाण्यात विघटित होतं. होतं, पण थंड पाण्यात मस्टर्डच्या गोळ्याच्या वरच्या थराची कडक साल बनते आणि आत माल तसाच राहतो. मच्छीमारांच्या जाळ्यात असे गोळे अनेकदा आले, हात भाजले. अमेरिकेची तर या कामासाठी मोहीमच होती, नाव 'चेस'. इंग्रजी आद्याक्षरांचा अर्थ काय, तर 'भोकं पाडा आणि बुडवा'. ऑगस्ट १९७० मध्ये सरीन या नर्व्ह एजंटची, म्हणजे मज्जासंस्था बंद पाडणाऱ्या विषाची, रॉकेटं काँक्रीटमध्ये कोंबून एक जुनं जहाज फ्लोरिडाच्या बाजूला अटलांटिकमध्ये बुडवलं. त्याच वर्षी १ जानेवारीला तिथे पर्यावरण धोरणाचा कायदा झाला होता, ज्यात परिणामांचा अहवाल आधी लिहायची सक्ती आहे. कायदा जानेवारीत, जहाज ऑगस्टमध्ये.

आता काकांचा मार्ग, जाळणं. फ्रान्समध्ये व्हर्दंजवळच्या जंगलात एक जागा आहे, 'प्लास आ गाझ'. पहिल्या महायुद्धातले दोनेक लाख रासायनिक तोफगोळे तिथे १९२८ साली जाळले. त्यातल्या बऱ्याच गोळ्यांत आर्सेनिकची संयुगं होती. आर्सेनिक म्हणजे आपला सोमल. सोमल हे मूलद्रव्य. ते जाळा, उकळा, कितीही संतापा, सोमल सोमलच राहणार. २००७ साली शास्त्रज्ञांनी तिथली माती तपासली, तर काही ठिकाणी वजनाच्या १७ टक्क्यांपर्यंत आर्सेनिक निघालं! जवळजवळ ८० वर्षांनंतर! सगळीकडे दाट झाडी आणि मधे काळपट उघडी माती. तग धरून काय, तर एक गवत, एक शेवाळ आणि थोडं दगडफूल. १९२८चा कारकून मात्र वहीत 'नष्ट' लिहून मोकळा झाला असणार.

चिठ्ठी आली आहे. दहा मिनिटं. बरं, म्हणजे ज्यासाठी बोलावलंत ते आता पळत पळत सांगतो.

मूल्यमापनात माझ्या मते तीनच प्रश्न खरे. पहिला, काहीच केलं नाही तर काय? अमेरिकेची एम-५५ नावाची विषारी रॉकेटं कोठारातच गळत होती. जैसे थे ठेवणं हासुद्धा एक पर्याय असतो आणि त्याचाही परिणाम मोजावा लागतो. काकांचे डबे हेच सांगत होते.

दुसरा, दुसरी रीत आहे का? अमेरिकेतल्या केंटकी राज्यात लष्कराने १९८४ साली 'भट्टी लावून जाळू' म्हटलं आणि लोकांनी जवळपास चाळीस वर्षं भांडून ती होऊ दिली नाही. तिथे नर्व्ह एजंट कॉस्टिक सोड्याच्या गरम द्रावणात विघटित केलं. शेवटचं रॉकेट ७ जुलै २०२३ला संपलं. कोलोरॅडोत प्वेब्लोला मस्टर्ड गरम पाण्यात मोडून उरलेलं थायोडायग्लायकॉल नावाचं रसायन जिवाणूंना खायला घातलं. मला ही कल्पना फार आवडते, पण वेळ नाही.

तिसरा प्रश्न काकांचा: उरलेलं कुणाच्या बांधावर? विघटन केलं की माल कमी होत नाही, पाणी मिसळून कित्येक पट वाढतो. २०१४ साली सीरियाच्या अस्त्रांची सुमारे ६०० टन रसायनं 'केप रे' जहाजावर भूमध्य समुद्रात निकामी केली. क्रीटमध्ये लोक रस्त्यावर आले, पण जहाजातून समुद्रात काही सोडायचंच नव्हतं. सांडपाणी गेलं जर्मनीत मुन्स्टरला आणि फिनलंडमध्ये रीहिमाकीला. अमेरिकेत इंडियानातल्या न्यूपोर्टला व्हीएक्स हे नर्व्ह एजंट मोडून उरलेलं सांडपाणी ओहायोने नाकारलं, न्यू जर्सीने नाकारलं, ते ट्रकने टेक्ससमधल्या पोर्ट आर्थरला जाऊन जळलं. अहवालाचं कुंपण बहुतेक वेळा कारखान्याच्या फाटकाशी संपतं, आणि सोमलाला फाटक माहीत नसतं.

आणि आपण? भोपाळच्या कारखान्यातला घातक कचरा इथे आपल्या बोरखेडीच्या भट्टीत जाळायचा असं २०११ साली ठरत होतं. महाराष्ट्राने नाही म्हटलं. तुमच्यापैकीही काही जणांनी म्हटलं असेल, मीही म्हटलं. तो शेवटी २०२५ मध्ये मध्य प्रदेशातच पिथमपूरला जळला. तिथेही आंदोलनं झालीच.

हो, हो, आटोपतोय. काकांच्या डब्यांचं काय झालं ते राहिलं. शेजाऱ्याने विहिरीची पाइपलाइन टाकायला चर खणला, तर डबे वर. तीन वर्षं बोलणं बंद. मग मी सरकारी कचेऱ्यांत विचारत फिरलो, हे घेता का? प्रत्येकाने पुढच्या टेबलाचं नाव सांगितलं. आज ते डबे एका निळ्या प्लॅस्टिकच्या ड्रममध्ये आहेत, झाकणाला सिलिकॉन लावलेलं. ड्रम गोठ्याच्या माळ्यावर आहे.