कुणी न लावलेली बाग

(दृश्य: धुक्यातला सडा. वारा, लांबून गुरांच्या घंटा.)

भाद्रपदातली सकाळ. गोव्याच्या सत्तरी तालुक्यातला हा सडा, म्हणजे जांभ्या खडकाचं सपाट पठार. लोक त्याला पडीक जमीन म्हणतात. आम्ही मात्र वर्षभर इथे येत राहिलो, बागेत यावं तसे.

पाय जपून टाका, आणि वाकून बघा. बोटभर देठावर निळंजांभळं फूल, सीतेची आसवं. खाली ओल्या मातीत त्याचे बारीक फुगे आहेत, मोहरीहून लहान. पाण्यातला एखादा सूक्ष्म जीव फुग्याच्या तोंडाशी आला की दार उघडतं आणि पाण्यासकट तो आत ओढला जातो, पापणी लवायच्या कितीतरी आधी. जांभ्यावर माती जेमतेम, त्यातला कसही पावसाने धुऊन नेलेला. नायट्रोजन मिळणार कुठून? म्हणून ही इवलीशी झाडं शिकार करतात. शेजारचं दवबिंदू नावाचं रोपही तसंच. त्याच्या पानावरच्या लाल केसांना चिकट थेंब, आणि त्या थेंबात, बघा, एक चिलट अजून धडपडतंय.

भोवती गेंदाची पांढरी बटणं, कवळ्याची पिवळी फुलं, भेगाभेगांतून तेरडा.

चवथ आली की माणसं रानात शिरतात. गणपतीच्या वर लाकडी चौकट टांगून तिला रानातली फळं-फुलं बांधायची, ती माटोळी. कांगले, हरणां, कुड्याच्या शेंगा, वाघनखी. बापाच्या मागून फिरता फिरता पोरं ही नावं शिकतात. वाघनखीचं फूल खुशाल तोडा, पण कंद उपटू नका. कंद राहिला तर पुढच्या चवथीला वेल पुन्हा येते.

दिवाळीनंतर गवत वाळतं. खडकाला चिकटून भुईगेंदाचे काटेरी गोळे तेवढे उरतात.

(दृश्य: मे महिना. काळा, तापलेला खडक.)

आता आलात तर विचाराल, इथे आहे काय? चिऱ्यांच्या खाणीसाठी सडा बघायला माणसं येतात तीही बहुधा याच दिवसांत, आणि त्यांना खरोखरच काही दिसत नाही. याचं मला फार वाईट वाटतं. बी भेगांत पडून असतं, कंद मातीत झोपलेले असतात. गोव्यातच, सांगे तालुक्यात, कुशावती नदीच्या काठी उसगाळीमळला, अशाच जांभ्यावर हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी बैल कोरले, चक्रव्यूह कोरला. पावसाळ्यात त्यांच्याही पायांशी अशीच फुलं असतील.

आम्ही करवंदं खात थांबलो.

मृगाची सर आली. काही दिवसांतच एका भेगेतून काळी मुसळी वर आली. सहा पाकळ्यांची पिवळी चांदणी, जमिनीला अगदी टेकलेली. तिला टिपायला कॅमेरा दगडावर ठेवावा लागला, हनुवटीही.

दगड अजून कोमट होता.