चिलिकाचे मुख

ओडिशाच्या पुरी, खोर्धा आणि गंजाम या जिल्ह्यांत पसरलेले चिलिका दुरून तळ्यासारखे दिसत असले, तरी वाळूच्या एका लांबलचक दांड्याने बंगालच्या उपसागरापासून वेगळे केलेले ते खाजण आहे. पावसाळ्यात त्याचा विस्तार सुमारे १,१६५ चौरस किलोमीटर होतो आणि उन्हाळ्यात तो ९०६ पर्यंत आक्रसतो. दया आणि भार्गवी या महानदीच्या फाट्यांचे गोडे पाणी उत्तरेकडून उतरते, तर समुद्राचे खारे पाणी मुखातून भरतीबरोबर आत चढते. इथली मासळी, कोळंबी, खेकडे आणि इरावडी डॉल्फिन या दोन पाण्यांच्या मिलाफावर जगतात.

नद्यांचा गाळ साचत गेला, किनाऱ्यालगत सरकणाऱ्या वाळूने मुख उत्तरेकडे ढकलले आणि समुद्राकडे जाणारा लांबलचक प्रवाह उथळ होत गेला, तसा हा मिलाफ बिघडला. खारेपणा घटताच गोड्या पाण्यातल्या पाणवनस्पती फोफावल्या आणि समुद्रातून आत येणाऱ्या मासळी-कोळंबीच्या पिल्लांची वाट अडली. नव्वदच्या दशकाच्या मध्यास वर्षभराची मासळी दोन हजार टनांच्याही खाली गेली. १९८१ मध्ये रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत, आलेले हे खाजण १९९३ मध्ये धोक्यातील पाणथळींच्या माँट्रो नोंदीत गेले.

उपाय कुठे करायचा, हा प्रश्न पाण्याच्या गणिताचा होता. ते गणित बऱ्याच अंशी पुण्याजवळच्या खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्राने आणि गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने सोडवले, ही बाब आपल्याकडे फारशी कोणाला ठाऊक नसते. त्यांच्या अभ्यासाच्या आधारे चिलिका विकास प्राधिकरणाने सातपाड्याजवळ वाळूचा दांडा कापला आणि सप्टेंबर २००० मध्ये नवे मुख उघडले. समुद्राची वाट सुमारे १८ किलोमीटरने कमी झाली. भरतीबरोबर तांदळाच्या दाण्याएवढी कोळंबीची पिल्ले पुन्हा आत येऊ लागली, पाणवनस्पतींचा विळखा सैल झाला आणि २००१-०२ मध्ये मासळी अकरा हजार टनांपलीकडे गेली. २००२ मध्ये माँट्रो नोंदीतून चिलिकाचे नाव वगळण्यात आले.

तरीही वाळू कोणाच्या नकाशाला बांधलेली नसते. २००८ मध्ये गाबाकुंडा येथे समुद्रानेच आणखी एक मुख फोडले. त्यामुळे पाण्याची खोली, खारेपणा आणि गाळ यांची मोजणी इथे सतत करावी लागते.

खरे अवघड काम मात्र पाण्यावरच्या हक्काचे आहे. कोळंबीसाठी बांबू आणि जाळ्यांनी पाणी अडवून केलेल्या कुंपणांना इथे ‘घेरी’ म्हणतात. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये चिलिकाभोवतीच्या हजार मीटरच्या पट्ट्यात कोळंबी उद्योगाला मनाई केली. तरीही घेरी उठल्या नाहीत, आणि मे १९९९ मध्ये सोराना येथे त्यांच्याविरुद्धच्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात चौघांचा बळी गेला. नंतरही अनेक वेळा त्या उखडल्या गेल्या आणि पुन्हा उभ्या राहिल्या. जिथे त्या उभ्या असतात तिथे बारीक जाळ्यांपाशी गाळ धरतो, प्रवाह मंदावतो आणि नव्या मुखातून आत आलेली पिल्ले पारंपरिक कोळ्यांच्या जाळ्यांपर्यंत पोहोचण्याआधीच अडकतात.