विंडोज १० थांबली, मशीन चालू आहे

मंडळी, आपल्या कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत किंवा शाहूपुरीत कुठल्याही लहान ऑफिसात डोकावलं, तर टेबलाखाली एखादा आठ-दहा वर्षांचा सीपीयू घरघरत असतो. त्यावर असते विंडोज १०. तिचे नेहमीचे अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवले. विंडोज ११ टाकायला जावं, तर तिला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, आणि इंटेलचा प्रोसेसर आठव्या पिढीच्या आधीचा असेल तर ती साधारणपणे नकारच देते. दुकानदार म्हणतो, "नवीन घ्या साहेब." मग कुणीतरी ओळखीचा पोरगा येतो आणि क्रॅकवाली विंडोज मारून जातो. त्या क्रॅकसोबत आणखी काय काय घरात आलं, हे कुणी बघत नाही.

अशा मशीनसाठी लिनक्स आहे, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी, फुकट मिळणारी सिस्टीम. इतिहास दोन वाक्यांत सांगतो. १९८३ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी सगळ्यांना मुक्तपणे वापरता येईल अशी सिस्टीम घडवायचा ग्नू प्रकल्प जाहीर केला. १९९१ साली हेलसिंकीतल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, लिहून सगळ्यांसाठी खुला केला. तुमच्या खिशातला अँड्रॉइड फोनही त्याच कर्नलवर चालतो, त्यामुळे 'आपल्याला जमणार नाही' असं म्हणायला तसा उशीरच झालाय.

विंडोजची सवय असलेल्यांना मी लिनक्सचा मिंट हा प्रकार सुचवतो. त्याची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती चार जीबी रॅमवर नीट चालते. हार्ड डिस्क काढून एसएसडी ही वेगवान डिस्क बसवली, तर मशीन ओळखू येणार नाही. खरं सांगायचं तर निम्मी करामत त्या एसएसडीचीच असते, श्रेय मात्र लिनक्सला मिळतं!

पण सिस्टीम बदलण्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारा: माझं काम कशात अडकलंय? मार्केट यार्डातल्या गुळाच्या अडत्याचा सगळा हिशेब टॅलीत असेल, तर त्याने विंडोजच ठेवावी. उद्यमनगरात ऑटोकॅडवर ड्रॉइंग काढणाऱ्यालाही माझा हाच सल्ला. लग्नपत्रिका कोरलड्रॉमध्ये करणाऱ्यांनी तर हात लावू नये. विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणाऱ्या 'वाइन'वर चालवून बघा असं नेटवर सांगतात. ऐन सीझनमध्ये गिऱ्हाईक दारात उभं असताना ते प्रयोग नकोत.

पत्रं, अर्ज, संस्थेची इतिवृत्तं एवढंच काम असेल, तर लिनक्सवरचं लिबरऑफिस पुरतं, ते एमएस ऑफिससारखंच आहे. तिथे अडचण येते ती जुन्या मराठी फाइलींची. कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये 'भारत' टाइप केलं, की फाइलीत प्रत्यक्षात एच, के, के, जे, आर ही इंग्रजी अक्षरं साठतात. फॉन्ट फक्त त्यांना देवनागरीचा मुखवटा चढवतो. फॉन्ट नसला की मुखवटा गळतो आणि पानभर इंग्रजी खिचडी दिसते. लोक म्हणतात, लिनक्सने फाइल बिघडवली. अहो, शेजारच्या विंडोजवर तो फॉन्ट नसेल तर तिथेही तेच दिसेल. फॉन्टची फाइल लिनक्समध्ये कॉपी केली की मजकूर पुन्हा वाचता येतो. पण त्यात 'भारत' शोधायला गेलात तर सापडणार नाही. म्हणून जे रोज लागतं ते कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये, म्हणजे खऱ्या देवनागरी अक्षरांत, आणा आणि जोडाक्षरं, रफार डोळ्यांनी तपासून घ्या. नवीन टायपिंगसाठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड लिनक्समध्ये आहेच.

ज्यांनी लॅपटॉप आणलाय, त्यांनी थांबा. इथे मिंटचे पेन ड्राइव्ह तयार आहेत. चालू करताना डेल किंवा लेनोव्होवर बहुधा एफ १२, एचपीवर एफ ९ दाबायचं आणि पेन ड्राइव्ह निवडायचा. इन्स्टॉलचं बटण दाबेपर्यंत तुमच्या डिस्कला धक्का लागत नाही. वायफाय जोडा, आवाज येतो का बघा. घरी प्रिंटर जोडून एक पान काढा. काही स्वस्त लेझर प्रिंटर इथेच दगा देतात. सगळं जमलं आणि टाकायचं ठरलं, तर आधी डेटा बाहेरच्या डिस्कवर घ्या. दोन्ही सिस्टीम ठेवायच्या असतील आणि बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्क-कुलूप, चालू असेल, तर त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. त्याच लॅपटॉपमध्ये सेव्ह करून ठेवू नका.