घाटाचा सातबारा

(यात्रेच्या आदल्या संध्याकाळी देवळापुढच्या मंडपात केलेल्या भाषणाचं संपादित रूप)

आधी एक प्रश्न विचारतो. आपला बैलगाडा शर्यतीचा घाट कुणाच्या नावावर आहे?

मागून कुणीतरी "खंडोबाच्या" म्हणालं. मलाही मागच्या महिन्यापर्यंत तसंच वाटत होतं. मग उतारे काढले आणि रात्रभर झोप लागली नाही. देवाच्या नावावर देऊळ आहे, ओटा आहे आणि समोरचं पटांगण आहे. घाट देवाच्या नावावर नाही. गाडा सुटतो तो खालचा भाग गायरानात येतो. मधला पट्टा दोन घरांच्या खासगी गटांतून जातो. वरचा शेवट, म्हणजे धाव जिथे संपते त्या निशाणाच्या पुढची जागा, दोन वर्षांपूर्वी विकली गेली आहे. कायदेशीर विकली गेली, रीतसर दस्त झाला. ज्यांनी विकली त्यांच्यावर माझा राग नाही. त्यांच्याकडे लग्न होतं, दवाखाना होता. पण त्या दिवशी घाटाचा तिसरा भाग गेला आणि आपल्यापैकी एकालाही त्याचा पत्ता लागला नाही.

बाहेरगावचे पाहुणे बसलेत, त्यांच्यासाठी थोडं सांगतो. सांगली-साताऱ्याकडे सपाट मैदानावर छकडे पळतात. छकड्यावर हाकणारा असतो आणि अनेक छकडे एकाच वेळी सुटतात. विदर्भात शंकरपट असतो, तळेगाव दशासरचा पट तुम्ही ऐकला असेल. आमच्याकडे, खेड-आंबेगाव-जुन्नर-मावळात, रीत वेगळी. इथे एका वेळी एकच गाडा सुटतो. पुढे जुकाटाला दोन बैल, मागे धुरेला दोन, आणि त्या चौघांच्या पुढे घोडी. गाड्यात माणूस नसतो. लढत घड्याळाशी असते. अकरा-बारा सेकंदांत सगळं संपतं, आणि त्या दिवशी सगळ्यांत कमी वेळ ज्याचा, तो घाटाचा राजा.

आणि हे पळणं चढावर असतं, म्हणून तर त्याला घाट म्हणायचं. ज्यांनी पहिल्यांदा चढ निवडला त्यांना बैल कळत होता. मोकळा सुटलेला बैल लगाम ओढून थांबत नाही, चढ त्याला थांबवतो. निशाण ओलांडलं की वरची माती त्याचा वेग खाते, त्याचं पाऊल आपोआप जड होतं, मग पोरं पुढे होऊन कासरा धरतात. त्यासाठी निशाणाच्या पुढे मोकळी जागा लागते. म्हणून म्हणतो, वरची जागा गेली म्हणजे नुसती जागा गेली नाही. गाड्याचा ब्रेक गेला. खालून शंभर गाडे सोडाल, पण वर ते थांबणार कुठे? तिथे उद्या कुंपणाची भिंत आली, तर बैलाचं कपाळ भिंतीवर आणि पोरं मध्ये.

घाट राखणं हे वर्षभराचं काम असतं, हे आता नव्या पोरांना सांगावं लागतं. पावसाळ्यात चढावरून पाणी उतरतं आणि ओघळी पडतात. दिवाळीनंतर त्या बुजवायच्या, वर मुरूम टाकायचा, रोलर फिरवायचा. मग दगड वेचायचे. माझे आजोबा आम्हा पोरांना रांगेत उभं करून खालून वर चालवायचे, हातात घमेलं. बोटाच्या पेरापेक्षा मोठा खडा दिसला की उचलायचा. एका खड्यानं बैलाचा खूर फुटतो आणि खूर फुटलेला बैल त्या वर्षी उभाच राहतो. शर्यतीच्या आदल्या रात्री पाणी मारायचं, तेही बेतानं. कमी पडलं तर धूळ बैलाच्या नाकात जाते, जास्त झालं तर पाय घसरतो. आजोबा मूठभर माती उचलून वळायचे. लाडू झाला आणि टिचकीनं फुटला की पाणी बरोबर. हे कुठं लिहिलेलं नाही.

आता तारखा सांगतो. त्या तुम्ही ऐकल्या आहेत, पण प्रत्येक तारखेला आपल्या घाटावर काय झालं ते कुणी जोडून पाहिलेलं नाही.

११ जुलै २०११ रोजी केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयानं अधिसूचना काढली. अस्वल, माकड, वाघ, बिबट्या, सिंह, ज्यांना शिकवून खेळ करून घ्यायचा नाही अशा प्राण्यांच्या यादीत बैल आला. पोळ्याला ज्याच्या पायावर पाणी घालतो, तो सिंहाच्या ओळीत जाऊन बसला, आणि गावाला वर्षभर त्याचा अर्थच लागला नाही. मग कधी मनाई, कधी अटींवर परवानगी, असं चाललं. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं जल्लीकट्टूच्या, म्हणजे तामिळनाडूतल्या बैल पकडण्याच्या खेळाच्या, खटल्यात निकाल दिला. त्यात आपल्या शर्यतीही बंद झाल्या. त्या वर्षी घाटावर मुरूम पडला नाही. जानेवारी २०१६ मध्ये केंद्रानं सूट दिली, म्हणून आम्ही वर्गणी काढून ओघळी बुजवल्या. आठवड्याच्या आत न्यायालयाची स्थगिती आली. २०१७ मध्ये चेन्नईच्या मरिना किनाऱ्यावर जल्लीकट्टूसाठी माणसं धरणं धरून बसली, तिकडे कायदा झाला, मग आपल्या विधिमंडळानंही केला. ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तो थांबवला. तोपर्यंत घाटावर घाणेरी माजली होती, मधल्या पट्ट्यात बाभळी छातीएवढ्या झाल्या होत्या. रात्री कुणीतरी बांधकामाचा राडारोडा आणून टाकायला लागलं. मोकळी, वापरात नसलेली जागा म्हणजे टाकायची जागा, असं माणसाला फार लवकर वाटू लागतं.

१६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयानं अटींवर परवानगी दिली. त्या रात्री आपल्या चौकात भंडारा उधळला, मीही उधळला. १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं महाराष्ट्राचा कायदा वैध ठरवला. खटला जिंकला.

मधली सात वर्षं मात्र गेली. बैल काही वाट पाहत नाही. आदत गोऱ्हा, म्हणजे दुधाचे दात न पडलेला, दुसा होतो, चौसा होतो, पाहता पाहता त्याचे दात जुळतात. २०१४ मध्ये जो गोऱ्हा पळायला शिकत होता, तो २०२१ मध्ये म्हातारपणाकडे झुकला होता. एक अख्खी पिढी दावणीला बांधलेल्या अवस्थेत संपली. नांगराला ट्रॅक्टर आलेला, शर्यत बंद, मग खिलार जोडी ठेवायची कशासाठी? आमच्या घरी त्यावर रोज बोलणं व्हायचं. आई म्हणायची, पेंडीचे पैसे कुठून आणायचे ते सांग आणि ठेव. एक ठेवला, एक चाकणच्या बाजारात नेला. तो विकून परत येतानाचा रस्ता मला अजून आठवतो, त्याबद्दल जास्त बोलवत नाही.

इथे मला एक गोष्ट स्पष्ट बोलायची आहे. बंदी आली ती हवेतून आली नाही. खिळे टोचणारे, शेपटी पिरगाळणारे, बॅटरीचा शॉक देणारे लोक घाटावर होते. आपण त्यांना पाहिलं आणि "एवढं चालतं" म्हणालो. बैलाच्या शरीराची ठेवण घोड्यासारखी पळण्यासाठी नाही, असं न्यायालयानं लिहिलं, तेव्हा आपल्याला राग आला. पण रागावण्याआधी आपण आपल्या घाटावरच्या चिमट्याकडे पाहायला हवं होतं. आज कायद्यात चाबूक नाही, काठी नाही, शॉक नाही. पशुवैद्यकाचं प्रमाणपत्र आहे, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आहे, धाव एक हजार मीटरच्या आत ठेवायची आहे. नियम मोडला तर पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद आहे. यातलं एकही कलम मला जाचक वाटत नाही. ज्याचा बैल हाकेवर पळतो त्याला काठी कशाला लागेल? उद्या आपल्या घाटावर कुणाच्या हातात काही दिसलं, तर तो माझा भाऊ असला तरी त्याचा गाडा बाहेर काढा.

आता दुसरं संकट. ते न्यायालयातून येत नाही, म्हणून आपल्याला दिसत नाही. मोठ्या मैदानांवर आता चारचाकी, ट्रॅक्टर, जेसीबी अशी बक्षिसं लागतात. गाडामालक तिकडे जाणारच, आणि जावं. पण बक्षीस मोठं झालं की बैलाची किंमत वाढते, किंमत वाढली की बैल शेतकऱ्याच्या दावणीतून निघून हौशी पैसेवाल्याच्या गोठ्यात जातो. मग गावच्या यात्रेच्या घाटावर येतो कोण? आपलं पहिलं बक्षीस वर्गणीतून होतं. किराणावाला देतो, पिठाची गिरणी देते, मुंबईला माथाडीत गेलेली पोरं पाठवतात. त्यातून मंडप, रुग्णवाहिका, पशुवैद्यक, बॅरिकेड, घड्याळ, स्पीकर. बॅरिकेडवर हात आखडता घेऊ नका. बिथरलेला बैल माणसांत शिरला की काय होतं, ते या पट्ट्यातल्या लोकांना सांगायची गरज नाही.

थापलिंगला पौष पौर्णिमेला गाडे पळतात, निमगावच्या खंडोबाला पळतात. त्या डोंगरांवर देव आहे म्हणून जागा टिकली आहे. पण चिखली, मोशी, चऱ्होली बघा. १९९७ मध्ये ती पिंपरी-चिंचवड महापालिकेत गेली. ती आपल्यासारखीच गावं होती. तिथल्या लोकांनी अजून बैल जपले आहेत, भोसरीच्या माणसाला आजही गाड्याचं नाव काढलं की भूक लागत नाही. शौक टिकला, जमीन मात्र चौरस फुटांत मोजली जाऊ लागली. चाकणला कारखाने आले तेव्हा खेडच्या पोरांना काम मिळालं, मी त्याला वाईट म्हणणार नाही, माझा पुतण्या तिथेच आहे. पण कारखाना येतो तेव्हा मागून गोदाम येतं, गोदामामागून गुंठेवारी, आणि गुंठेवारीला सगळ्यांत आधी लागते ती माळाची, चढाची, पीक न येणारी जमीन. म्हणजे घाट.

मागे मी एका कार्यालयात गेलो होतो, घाटाची नोंद करता येते का विचारायला. समोरच्या माणसानं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाला, "काका, घाट असा प्रकार आमच्या रकान्यात नाही." त्याची चूक नाही. क्रीडांगण आहे, दफनभूमी आहे, गायरान आहे, पांदण आहे. ज्या चढावर पिढ्यानपिढ्या गाव जमतं, त्याला शब्दच नाही. त्याच्या लेखी तो पडीक पोटखराबा.

२०११ हेच वर्ष आणखी एका कारणानं लक्षात ठेवा. त्या वर्षी २८ जानेवारीला सर्वोच्च न्यायालयानं गावाच्या सामायिक जमिनींबद्दल निकाल दिला. पंजाबातल्या एका गावच्या तळ्याचा खटला होता. गावाच्या सामायिक जमिनीवरची अतिक्रमणं काढा, असं सगळ्या राज्यांना सांगितलं. बैलाबद्दलची अधिसूचना आपण पाठ केली, तिच्याविरुद्ध मोर्चे काढले. गायरान वाचवायला उपयोगी पडेल असा हा निकाल मात्र कुणी वाचला नाही.

तर आपल्याला काय करता येईल. खालचं गायरान गायरानच राहू द्यायचं. चराईची नोंद बदलायची नाही, वर्षभर तिथे गुरं चरतील आणि यात्रेपुरती परवानगी घ्यायची. हा घाट टिकवण्याचा सगळ्यांत सोपा उपाय आहे, कारण गुरं चरतात तिथे घाणेरी माजत नाही. राडारोडा ग्रामपंचायतीनं उचलायचा आणि टाकणाऱ्याचं नाव फळ्यावर लिहायचं. मधल्या दोन्ही घरांशी मी बोललो आहे. त्यांची जमीन त्यांचीच राहील, पण वहिवाटीचा हक्क नोंदवून द्यायला ते तयार आहेत. त्या दोन्ही माउल्या समोर बसल्यात, त्यांना गावानं नमस्कार केला पाहिजे.

उरली वरची जागा. तिचा नवा मालक पुण्याला असतो. मी त्यांना भेटलो. भला माणूस आहे, यात्रा कधी पाहिलेली नाही. त्यांना जागा हवी आहे ती घर बांधायला, आणि घराला रस्ता हवा. माझे डांबरी रस्त्यालगतचे २० गुंठे आहेत. अदलाबदलीला मी तयार आहे, हे त्यांना सांगितलं. घरात दोन महिने यावर भांडण झालं, मुलानं शेवटी हो म्हटलं, सुनेनं त्याच्या आधी म्हटलं होतं. अदलाबदल झाली की ती जागा माझ्याही नावावर राहायला नको. देवस्थानच्या नावावर जायला हवी. शेतजमीन ट्रस्टच्या नावावर करायला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, वेळ लागेल, फेऱ्या माराव्या लागतील. त्या फेऱ्यांना माझ्याबरोबर दोन शिकलेली पोरं हवीत. आज रात्री नावं सांगा.

तोवर वरच्या मालकांनी तोंडी परवानगी दिली आहे. उद्या ते सहकुटुंब येणार आहेत, त्यांना मंडपात पुढे बसवा.

आणि आज पोरांनी घाटावर रोलर फिरवला, छान केलं, पण संध्याकाळी मी चालून आलो. निशाणाच्या डाव्या अंगाला अजून खडे आहेत. पहाटे साडेपाचला खालून रांग धरायची आहे. घमेली शाळेच्या पडवीत ठेवली आहेत.