मूठ कोणाच्या मापाची? – स्क्रूड्रायव्हर आणि नट ड्रायव्हरविषयी

(दृश्य : पॅनेलमधील टर्मिनलांची रांग, त्यावर काम करणारा हात, अगदी जवळून.)

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतील या शेडमध्ये विजेची कंट्रोल पॅनेल जोडली जातात. एका मोठ्या पॅनेलमध्ये शेकडो टर्मिनल, म्हणजे वायरी जोडण्याच्या जागा, असतात, बहुतेक टर्मिनलांना दोन्ही बाजूंनी स्क्रू असतात आणि त्यांतला प्रत्येक स्क्रू कोणाच्या तरी मनगटाने आवळलेला असतो. येथे वायरिंगचे काम प्रामुख्याने स्त्रिया करतात. त्यांच्या हातातील स्क्रूड्रायव्हरचे टोक किती रुंद असावे, हे स्क्रूच्या खाचेवरून ठरते आणि कामाच्या कागदावर तसे लिहिलेलेही असते. त्याची मूठ केवढी असावी, याचा उल्लेख त्या कागदावर नाही. हत्यारे एकगठ्ठा खरेदी होतात आणि लहान-मोठ्या सगळ्या हातांना एकच मूठ मिळते.

मुठीच्या जाडीने काय फरक पडतो, हे आकड्यांतच पाहू. एम-३ मापाच्या, म्हणजे ३ मिलिमीटर व्यासाच्या टर्मिनल स्क्रूला साधारण अर्धा न्यूटन-मीटर पीळ, म्हणजे फिरवण्याचा जोर (टॉर्क), पुरतो. एम-४ मापाच्या स्क्रूला सुमारे १.२ न्यूटन-मीटर लागतो. हा पीळ मुठीचा पृष्ठभाग आणि तळहात यांच्यातील घर्षणातून येतो. मूठ ३० मिलिमीटर जाड असेल, तर एम-४ चा स्क्रू आवळण्यासाठी तिच्या पृष्ठभागावर एकूण ८० न्यूटन, म्हणजे साधारण आठ किलो वजनाइतका जोर लावावा लागतो. मूठ २० मिलिमीटरची असेल, तर तोच जोर १२० न्यूटनांवर, म्हणजे बारा किलोंच्या आसपास जातो. स्क्रू बदललेला नाही, पीळही तेवढाच आहे. वाढीव चार किलोंचा भार केवळ मूठ बारीक असल्यामुळे हातावर आला आहे. तळहाताला घाम आला किंवा तेल लागले की घर्षण कमी होते आणि तेवढाच पीळ मिळवण्यासाठी मूठ आणखी घट्ट दाबावी लागते.

(दृश्य : दोन बोटांनी भरभर फिरणारा स्क्रूड्रायव्हर, मग शेवटचा आवळता फेरा.)

मग सगळ्याच मुठी जाड का करू नयेत? या दृश्यात त्याचे उत्तर आहे. स्क्रू आत जाईपर्यंतचे सगळे फेरे जवळजवळ मोकळे असतात. तेथे जोर लागत नाही, वेग लागतो, आणि तो बोटांच्या टोकांतून येतो. जाड मूठ बोटांत गोल फिरवता येत नाही. खरा पीळ शेवटच्या अर्ध्या-पाऊण फेऱ्यात लागतो. म्हणून चांगल्या मुठीला दोन भाग असतात : दांडीजवळचा बारीक गळा, ज्याला अंगठा आणि तर्जनी वेगाने फिरवतात, आणि मागचा फुगीर भाग, जो तळहातात बसतो. मागचे टोक गुळगुळीत व गोलसर असले की हात न उचलता पकड मागे घेऊन पुढचा फेरा सुरू करता येतो. पडद्यावर ही हालचाल संथ गतीने दाखवली आहे. पकड सोडणे, मागे येणे आणि पुन्हा धरणे या तिन्ही क्रिया एका सलग वळणात होतात.

अमेरिकेच्या राष्ट्रीय व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेच्या २००४ च्या मार्गदर्शिकेत जोराच्या कामासाठी हत्याराची मूठ सुमारे ३२ ते ५० मिलिमीटर जाड आणि नाजूक कामासाठी ६ ते १३ मिलिमीटर जाड असावी, असे सांगितले आहे. मुठीची लांबी १०० मिलिमीटरपेक्षा कमी नसावी, असेही ती सांगते, कारण आखूड मुठीचे टोक तळहाताच्या मधोमध रुतते आणि तेथून नसा व रक्तवाहिन्या जातात. या मर्यादांमधले नेमके माप मात्र हाताने ठरवायचे असते. लहान हाताला ५० मिलिमीटरच्या मुठीभोवती बोटे नीट वळवताच येत नाहीत आणि ज्या जाडीने जोर वाढायला हवा, तिनेच तो घटतो.

(दृश्य : घड्याळजीचे टेबल, भिंग, बारीक स्क्रूड्रायव्हर.)

नाजूक कामाची पकड पाहायची असेल, तर घड्याळजीचा हात पाहावा. त्याच्या स्क्रूड्रायव्हरच्या माथ्यावर स्वतंत्रपणे फिरणारी टोपी असते. तर्जनी त्या टोपीवर स्थिर ठेवून ती खालच्या दिशेने हलका दाब देते आणि अंगठा व मधले बोट दांडी फिरवतात. दाबणे आणि फिरवणे ही दोन कामे वेगवेगळ्या बोटांकडे सोपवणारी ही रचना अतिशय विचारपूर्वक केलेली आहे, आणि मोठ्या हत्यारांमध्ये ती क्वचितच आढळते.

हे दोन वेगळे जोर आहेत, ही गोष्ट मूठ निवडताना सर्वांत आधी लक्षात घ्यायला हवी. आपल्याकडे ज्याला स्टार स्क्रू म्हणतात, तो अमेरिकेत हेन्री फिलिप्स यांनी १९३० च्या दशकात बाजारात आणला, आणि १९३६ मध्ये जनरल मोटर्सच्या कॅडिलॅक गाड्यांमध्ये त्याचा वापर सुरू झाला. त्याच्या खाचेच्या बाजू उतरत्या असल्यामुळे पीळ वाढला की टोक वर सरकून बाहेर येऊ पाहते. ते जागेवर ठेवायचे, तर फिरवताना पुढे रेटतही राहावे लागते. म्हणून स्टार स्क्रूच्या ड्रायव्हरची मूठ मागे रुंद आणि तळव्याला टेकणारी हवी. कॅनडातील पीटर रॉबर्टसन यांनी १९०८ च्या सुमारास काढलेल्या चौकोनी खाचेत हा त्रास फारच कमी होतो, परंतु तो स्क्रू मुख्यतः कॅनडातच रुजला.

(दृश्य : पॅनेलची अर्थिंगची पट्टी, नट ड्रायव्हर.)

नट ड्रायव्हरला रेटण्याची गरजच नसते, आणि हे हत्यार आपल्याकडे इतके दुर्लक्षित का राहिले, हे समजणे कठीण आहे. त्याची मूठ स्क्रूड्रायव्हरसारखीच असते. टोकाला मात्र षटकोनी खोबण असते, जी नटला सहाही बाजूंनी धरते. एम-३ च्या नटसाठी ५.५ मिलिमीटर, एम-४ साठी ७, एम-५ साठी ८ आणि एम-६ साठी १० मिलिमीटर, अशी ही मापे ठरलेली आहेत. पॅनेलच्या कोपऱ्यात साधा पाना फिरवायला जागा नसते. पाना लावायचा, थोडासा फिरवायचा, काढायचा आणि पुन्हा लावायचा, असे करत एक नट बसवायला बराच वेळ जातो. नट ड्रायव्हर नटच्या अक्षावरच फिरतो, त्यामुळे मुठीपुरती जागा मिळाली तरी पुरते.

त्याच्या रचनेतील तीन बारकावे या चित्रणात स्पष्ट दिसतात. पहिला म्हणजे पोकळ दांडी. बोल्ट नटच्या बराच वर आलेला असला, तर भरीव दांडीचा ड्रायव्हर त्याच्या टोकावर अडकतो आणि खोबण नटपर्यंत पोहोचत नाही. पोकळ दांडीत बोल्टचा उरलेला भाग सामावतो. दुसरा बारकावा खोबणीच्या तोंडाचा आहे. तोंडाच्या आतल्या कडेला उतार जास्त असेल, तर ते नटवर चटकन बसते, पण पातळ नटला काठावरच धरते आणि त्याचे कोपरे झिजवते. तोंड सपाट घासलेले असेल, तर पातळ नटसुद्धा पूर्ण उंचीने पकडला जातो. तिसरा बारकावा चुंबकाचा. खोलवरच्या जागी नट नेताना चुंबक उपयोगी पडतो, पण तो खोबणीच्या तळाशी बसवलेला असल्यामुळे पोकळ दांडीचा फायदा अनेकदा हातचा जातो. कोणते काम जास्त आहे, हे पाहूनच निवड करावी लागते.

अमेरिकेत नट ड्रायव्हरच्या मुठींना मापांप्रमाणे रंग देण्याची पद्धत जुनी आहे : पाव इंचाला लाल, ५/१६ ला पिवळा, ११/३२ ला हिरवा आणि ३/८ ला निळा. पिशवीत हात घालताना माप वाचावे लागत नाही, रंग दिसला की हत्यार उचलले जाते. मिलिमीटरच्या मापांतील नट ड्रायव्हर आपल्याकडे मिळतात. मात्र त्यांच्या संचात बहुधा सगळ्या मुठी एकाच रंगाच्या आणि एकाच जाडीच्या असतात. ५.५ मिलिमीटरच्या नटला आणि १० मिलिमीटरच्या नटला लागणारा पीळ कितीतरी वेगळा आहे. तेव्हा लहान मापाला बारीक आणि मोठ्या मापाला जाड मूठ मिळाली, तर लहान नट गरजेपेक्षा जास्त आवळले जाणार नाहीत आणि मोठे सैल राहणार नाहीत.

(दृश्य : नाना पेठेतील दुचाकी दुरुस्तीचे गॅरेज.)

नट १३ मिलिमीटरच्या पुढचा असला की सरळ मूठ अपुरी पडू लागते. काही ड्रायव्हरच्या दांडीला मुठीजवळ षटकोनी भाग असतो. त्यावर पाना लावून शेवटचा पीळ देता येतो. गॅरेजमधल्या मिस्त्रींनी हा प्रश्न टी-पान्याने केव्हाच सोडवला आहे. आडव्या दांडीची दोन टोके दोन हातांत येतात, तरफ लांब होते आणि पकड घट्ट दाबण्याची गरज जवळजवळ संपते.

मुठी कशाच्या करतात, याकडे आता वळू. पूर्वी त्या लाकडाच्या असत. लाकूड घाम शोषते आणि हाताला ऊबदार लागते, मात्र माथ्यावर हातोडी बसली की चिरते. त्यानंतर सेल्युलोजपासून केलेले पारदर्शक प्लॅस्टिक आले. कापूस किंवा लाकूड यांतल्या सेल्युलोजपासून बनणाऱ्या या मुठी घाव सोसतात आणि सहसा फुटत नाहीत. सेल्युलोज ॲसिटेट ब्युटिरेट या प्रकारच्या जुन्या मुठींना बंद पेटीत राहून खवट लोण्यासारखा वास येतो, कारण त्यांतून ब्युटिरिक आम्ल सुटत असते. आताच्या बऱ्याच मुठींत आत कठीण प्लॅस्टिक आणि बाहेर रबरासारखे मऊ आवरण असते. मऊ भाग जोराच्या वेळी पकड देतो, कठीण आणि गुळगुळीत भागावर बोटे वेगाने सरकतात. हे दोन्ही भाग योग्य जागी असले, तरच त्याचा उपयोग होतो. संपूर्ण मूठ मऊ आवरणाने मढवली, तर ती दुकानात हाताला छान लागते आणि कामात बोटांना अडवते.

महाराष्ट्राचा या इतिहासाशी थेट संबंध आहे. नाशिकच्या टपारिया टूल्सने १९६९ मध्ये एका स्वीडिश कंपनीच्या तांत्रिक सहकार्याने हातहत्यारांचे उत्पादन सुरू केले, आणि आज राज्यातल्या वायरमनच्या पिशवीत या कंपनीची हत्यारे सर्रास दिसतात. त्याच स्वीडनमध्ये बाहको कंपनीने एर्गोनोमी डिझाइन ग्रुप्पेन या संरचनाकारांच्या गटाबरोबर काम करून १९८३ मध्ये एर्गो नावाचा स्क्रूड्रायव्हर आणला. कामगार हत्यार प्रत्यक्षात कसे धरतात, याचा अभ्यास करून त्याची मूठ घडवली होती, आणि जड कामात दोन्ही हातांनी धरता यावी इतकी ती लांब ठेवली होती. वापरणाऱ्याला आधी विचारायचे आणि साचा नंतर करायचा, हा क्रम आपल्याकडच्या कारखान्यांनाही सहज पाळता येण्यासारखा आहे.

(दृश्य : घरातील स्विचबोर्ड, हातात लाइन टेस्टर.)

आपल्या घरांतून स्क्रूड्रायव्हर म्हणून जो सर्वाधिक वापरला जातो, तो खरे तर लाइन टेस्टर असतो. त्याच्या बारीक मुठीत निऑनचा दिवा आणि रोधक बसवलेला असतो. पीळ सोसण्यासाठी ती बनवलेली नाही. प्लॅस्टिकची मूठ म्हणजे शॉकपासून संरक्षण, हा समजही चुकीचा आहे. जिवंत विजेवर काम करण्याच्या हत्यारावर दुहेरी त्रिकोणाचे चिन्ह आणि १००० व्होल्टची खूण असते, त्याची दांडीही टोकापर्यंत आवरणात असते आणि प्रत्येक नग १०,००० व्होल्टवर तपासलेला असतो.

(दृश्य : पॅनेलच्या शेडमधील टेबल, त्यावर मांडलेल्या वेगवेगळ्या मुठी.)

चित्रीकरणाच्या अखेरीस या टेबलावर निरनिराळ्या मुठींचे ड्रायव्हर मांडले आणि वायरिंग करणाऱ्या स्त्रियांनी आपापली निवड केली. टर्मिनलच्या कामासाठी बहुतेकींनी मध्यम जाडीची, बारीक गळ्याची मूठ उचलली. १० मिलिमीटरच्या नटसाठी त्यांतल्याच अनेकींनी जाड मूठ घेतली. खोल खाचांची मूठ पकड चांगली देते, पण दिवसभरात तळहातावर वळ उठवते, असे सांगून दोघींनी ती बाजूला ठेवली. डाव्या हाताने काम करणाऱ्या एकीने सर्वांत जाड मूठ निवडली, आणि त्यामागे शरीराचे कारण आहे. उजव्या हाताने स्क्रू आवळताना तळहात वर वळवणारा दंडाचा बळकट स्नायू कामी येतो. डाव्या हाताला तेच वळण उलट, म्हणजे तुलनेने दुबळ्या स्नायूंच्या दिशेने घ्यावे लागते. तिला तेवढाच पीळ देण्यासाठी मुठीकडून अधिक मदत हवी असते.

चुकीच्या मुठीमुळे मनगट आणि कोपर दुखतात, टर्मिनल सैल राहिले तर तापते आणि जळते. येथील पुढच्या खरेदीच्या यादीत ड्रायव्हरच्या मापापुढे मुठीची जाडी लिहिण्यासाठी एक रकाना वाढवला आहे, आणि तो भरण्याचे काम वायरिंगच्या टेबलाकडे दिले आहे.